फौजी माणूस लढाईच्या भागात गेला की घरच्यांनी संपर्क कसा ठेवायचा : सगळं नीट, पहिल्यापासून

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेचं नाव नाही असं गाव शोधावं लागेल, अपशिंगे तर मिलिटरी अपशिंगेच आहे, आणि खाली सांगलीकडं तासगाव, खानापूर, जतपर्यंत तेच. तरी पण दरवेळी माणूस बॉर्डरवर गेला की घरात तीच धांदल, फोन लागत नाही, पत्ता कुणाला माहीत नाही, कुठल्या ऑफिसला विचारायचं ते ठाऊक नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू झालं तेव्हा सुट्टीवर आलेली पोरं अर्ध्या सुट्टीतनं बॅगा भरून परत गेली, आणि मागं राहिलेल्या किती बायकांना नवऱ्याच्या युनिटचा एकही नंबर माहीत नव्हता. मी फौजीची बायको आहे, सासरेही फौजेतनं पेन्शनवर आलेत, त्यामुळं दोन पिढ्यांचं जमलेलं एकत्र लिहितेय. माझं म्हणणं एकच आहे, संपर्क हा फोन लागतो तेव्हा होत नाही, तो माणूस घरात असताना ठरवून ठेवावा लागतो, आणि फोन न येण्याचा अर्थ काय धरायचा हे पण तेव्हाच ठरवायचं.

सुट्टी संपायच्या आधी करायची कामं

पहिलं काम सिमकार्डचं. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. हे नव्या भरती झालेल्या पोरांना सांगितलेलं असतंय पण घरच्यांना नसतं, मग जम्मूच्या पुढं गेला की फोन बंद लागायला लागतो आणि इकडं आई देव पाण्यात घालून बसते. त्यामुळं साताऱ्यात, कराडला, मिरजेला जिथं असाल तिथं गॅलरीत जाऊन आधीच पोस्टपेड करून घ्या, बिल घरच्या अकाउंटला जोडा म्हणजे तो पोस्टवर असताना बिल थकून सिम बंद पडायला नको.

दुसरं काम कागदांचं, आणि ह्यावर मी जरा जोरच देणार आहे. फौजेच्या कागदावर घरच्यांचं जे नाव, पत्ता, मोबाईल नंबर असतो त्यावरच सगळा अधिकृत संपर्क होतो. लग्न झालं, मूल झालं, घर गावातनं साताऱ्याला आलं, नंबर बदलला, ह्यातलं काहीही झालं की युनिटमध्ये नोंद व्हायला पाहिजे, लग्न आणि मुलांसाठी पार्ट टू ऑर्डर (नोंदीचा लेखी आदेश) निघते, किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे घरच्या माणसांच्या नोंदीत, नाव चढतं. कितीतरी घरात लग्नाला दोन वर्षं झालेली असतात आणि कागदावर अजून आईबापच, किंवा तीन वर्षांपूर्वी बंद पडलेला नंबर. माणूस ड्युटीवर परत निघायच्या आधी त्याला सरळ विचारा, "माझं नाव, माझा नंबर कागदावर आलाय का?" विचारायला अवघड वाटतं, अशुभ वाटतं, आमच्या आत्यांना (सासूबाई) पण वाटायचं, तरी विचाराच.

तिसरं, एक कागद तयार करा. साधा वहीचा कागद, त्यावर हे लिहा : त्याचा सेना नंबर, रँक, पूर्ण नाव जसं फौजेच्या कागदावर आहे तसं (आपण हाक मारतो ते नाही), कंपनी किंवा बॅटरी (तोफखान्यात कंपनीला बॅटरी म्हणतात), युनिटचं नाव, एपीओचा म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिसचा पत्ता पिनसकट. मग युनिटच्या मागं राहिलेल्या पार्टीचा, म्हणजे ज्याला सगळे रिअर म्हणतात, तिथला नंबर. युनिट पुढं गेलं तरी रिअरला माणसं असतात आणि फोन उचलला जातो. त्याच्या कंपनीतल्या आपल्या भागातल्या दोघा जणांच्या घरचे नंबर, हे सगळ्यात कामाला येतात कारण एकाचा फोन आला की चार घरांना कळतं सगळे ठीक आहेत. आणि रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे रेजिमेंटच्या जवानांची कागदपत्रं सांभाळणारं कार्यालय. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, त्यामुळं सगळ्यांनी बेळगावलाच फोन लावत बसू नका, आधी आपला माणूस कुठल्या रेजिमेंटचा ते बघा. शेवटी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, साताऱ्याला आहे, सांगलीला पण आहे.

हा कागद कपाटात ठेवा, देवघरात ठेवा, पण फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.

फोन आला नाही तर काय समजायचं

लढाईच्या भागात काही वेळा मोबाईल जमा करून घेतात, काही वेळा पूर्ण बंदी असते, काही वेळा पोरगं अशा पोस्टवर असतंय जिथं रेंजच नाही, आणि काही वेळा चार दिवस झोपच मिळालेली नसते. म्हणजे फोन बंद असण्याची दहा कारणं असतात आणि त्यातली नऊ साधी असतात. हे डोक्याला कळतं पण रात्री दोन वाजता मनाला कळत नाही, म्हणून आधी बोलून ठेवायचं. आमच्यात असं ठरलेलं आहे की पुढं जायच्या आधी ते एवढंच सांगतात, "आता काही दिवस फोन होणार नाही, काळजी करू नका". किती दिवस, कुठं, कशासाठी, हे मी विचारत नाही आणि ते सांगत नाहीत. ते सांगायला सुद्धा वेळ मिळाला नाही तर गप्प बसायचं आणि एक आठवडा तसाच जाऊ द्यायचा. त्याच्यापुढं जास्तच घालमेल झाली तर आधी कंपनीतल्या दुसऱ्या घरांना विचारायचं, त्यांचाही फोन आलेला नसेल तर समजायचं सगळेच कामावर आहेत. मग पण राहवत नसेल तर रिअरला एक फोन, शांतपणे, सेना नंबर आणि नाव सांगून, "घरी फोन आला नाही, ठीक आहेत ना एवढंच कळवा". जागा विचारायची नाही. तिथला माणूस सांगेल ते ऐकायचं आणि रोज रोज लावायचा नाही, कारण तिथं एकच माणूस शंभर घरांचे फोन घेत असतो.

एक सांगते, काही जण जागा किंवा हालचाल कळवायला गुपित शब्द ठरवतात, म्हणजे 'मामाकडं गेलो' म्हटलं की अमुक ठिकाण. हे अजिबात करू नका. तुम्हाला कळतं ते ऐकणाऱ्यालाही कळू शकतं, आणि पकडलं तर पोराची नोकरी आणि अख्ख्या तुकडीचा जीव, दोन्ही त्यात येतं. "ठीक आहे, जेवलोय" एवढा मेसेज पुरतो.

फोन लागला की

आता पूर्वीसारखं राहिलं नाही, सियाचिनला पण ४जी-५जी पोचलंय. तरी पुढच्या कितीतरी पोस्टवर अजून मोबाईलची रेंज नाही आणि तिथनं सॅटेलाइट फोनवरनं बोलणं होतं, त्याला डीएसपीटी म्हणतात. २०१७ च्या दिवाळीत त्याचा दर मिनिटाला ५ रुपयांवरनं १ रुपया केला आणि महिन्याचं भाडं पण काढून टाकलं, त्यामुळं पैशाची चिंता नाही, पण एका फोनमागं लाइन लागलेली असते. म्हणून मिळणारी पाच-सात मिनिटं नीट वापरायची.

ह्या फोनवर आवाज जरा उशिरा पोचतो. तुम्ही बोललात की थांबा, दोन श्वास जाऊ द्या, मग उत्तर येतं. आमच्याकडं सुरुवातीला दोघं एकदम बोलायचे आणि "हॅलो हॅलो ऐकू येतंय का" ह्यातच अर्धा फोन जायचा. अनोळखी, विचित्र आकड्याचा नंबर दिसला तरी उचलायचा, तोच असू शकतो, पण पलीकडनं आवाज ओळखीचा नसेल तर काय करायचं ते पुढं लिहिलंय.

फोनजवळ एक वही ठेवा. दिवसभरात त्याला सांगायचं आठवलं की लिहायचं, ऊस गेला, पोरीचा दात पडला, पतसंस्थेचा हप्ता भरला, म्हशीला रेडकू झालं. फोन आला की वरनं खाली वाचत जायचं. नाहीतर फोन आल्यावर सगळं विसरतं आणि "अजून काय, अजून काय" एवढंच होतं. आधी सगळे बरे आहेत हे सांगायचं, मग कामाचं, मग गमतीचं. आईला पहिलं बोलू द्या, तिचं समाधान झालं की बाकीच्यांना वेळ सुटतो. सासऱ्यांना कमी ऐकू येत असेल तर स्पीकर लावून त्यांच्या शेजारी बसा आणि तो काय म्हणाला ते त्यांना परत सांगा.

माण-खटावकडं किंवा पाटणच्या डोंगरात रेंजची बोंब असतेच, त्यात लाइट गेली की टॉवर पण जातो. घरात दोन वेगळ्या कंपन्यांचे नंबर ठेवा आणि दोन्ही त्याला पाठ असू द्या. पाठ म्हणजे खरंच पाठ, कारण स्वतःचा मोबाईल जमा असला तर नंबर डोक्यातनंच लावायचा असतो.

आणि व्हॉइस नोट. ह्यासारखी चीज नाही. ते बंद असताना पण पाठवत राहा, एक एक मिनिटाच्या, पोरांच्या आवाजात, पाढे म्हणताना, भांडताना, हरिपाठ म्हणताना. रेंजमध्ये आले की सगळं एकदम उतरतं आणि मग वर पोस्टवर रेंज नसताना ते ऐकत बसता येतं. व्हिडिओ मोठा पाठवू नका, उतरत नाही.

पत्र अजून जातं आणि अजून लागतं

फोन असताना पत्र कशाला असं तरुण पोरींना वाटतं, पण फोनवरचं बोलणं संपून जातं आणि पत्र खिशात राहतं, दहा वेळा वाचता येतं. आंतरदेशीय पत्र अडीच रुपयाचं. फौजेची टपाल सेवा स्वतःची आहे, १ मार्च १९७२ पासून आर्मी पोस्टल सर्व्हिस वेगळी कोअर म्हणून चालते. पत्त्यावर गावाचं नाव नसतंच, ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ असतं. छप्पनची टपाल दिल्लीत गोळा होऊन पुढं जाते, नव्व्याण्णवची कोलकात्यात, ती ईशान्येकडची. मुख्य सगळा कारभार पिनवर चालतो, ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन, तो त्या युनिटचा. युनिट हललं तरी टपाल त्याच्या मागं जाते, आपल्याला जागा माहीत असायची गरजच नाही.

पत्ता असा लिहायचा : सेना नंबर, रँक, नाव, मग कंपनी आणि युनिट, मग पिन, मग द्वारा ५६ एपीओ. इंग्रजीत किंवा हिंदीत सुवाच्य लिहा, आतलं पत्र मराठीत. पिनचा एक आकडा चुकला की पत्र भलत्याच युनिटला जातं. पत्त्यात लेह, कुपवाडा, तवांग असलं कुठलंही ठिकाण घालायचं नाही, अर्धवट माहिती असली तरी नाही.

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आम्हाला एक शिकवलंय, पत्रावर नंबर टाकायचा. १, २, ३ असं. वर बर्फात टपाल अडकते, हेलिकॉप्टर आलं की थैलीच येते, मग आठवं पत्र आधी आणि पाचवं नंतर हातात पडतं. नंबर आणि तारीख असली की त्याला कळतं कुठलं आधीचं, मधलं एखादं पोचलंच नाही हे पण कळतं. आणि पैशाची, तब्येतीची महत्त्वाची गोष्ट एकाच पत्रात लिहून सोडू नका, पुढच्या पत्रात परत एका ओळीत लिहा. पोचायला आठवडा लागतो, पंधरा दिवस लागतात, हिवाळ्यात महिना पण जातो, तेवढं गृहीत धरा. राखी असेल तर महिनाभर आधी टाका.

पार्सल

खासगी कुरिअर एपीओला जात नाही, पोस्टातनंच पाठवायचं, स्पीड पोस्ट किंवा पार्सल. पॉवर बँक, बॅटरी, लायटर, काडीपेटी, सेंटचे स्प्रे चालत नाहीत. तूप, लोणचं, तेलाचा ठेचा पाठवायचा मोह होतो पण बाटली फुटली की आपलंच नाही तर दुसऱ्यांचंही सामान खराब होतं. कोरडं पाठवा. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, मेतकूट, सांगलीची भडंग, तासगावचे बेदाणे, तिळाचे लाडू. कंदी पेढे खरपूस भाजलेल्या खव्याचे असल्यानं इतर पेढ्यांपेक्षा टिकतात पण पंधरा दिवसांच्या प्रवासाला उन्हाळ्यात नको, थंडीत पाठवा तर चालतील. थोडं जास्तच घाला, कारण बराकीत पार्सल एकट्याचं नसतं. खोक्याच्या आत एका चिठ्ठीवर परत तोच पत्ता लिहून ठेवा, वरचं कागद फाटलं तरी पोचतं.

काय बोलायचं नाही, काय टाकायचं नाही

हे प्रत्येक घरात पोरापोरींना बसवून सांगा. युनिट कुठं आहे, कधी निघालं, किती गाड्या गेल्या, कुठल्या स्टेशनवर चढला, सुट्टी कधी रद्द झाली, हे स्टेटसला नाही, बचत गटात नाही, यात्रेत नाही, एसटीत नाही. "माझा दादा निघाला बॉर्डरवर" असा युनिफॉर्ममधला फोटो टाकायची हौस समजते मला, अभिमान असतोच, पण त्या फोटोत छातीवरचं नाव, खांद्यावरचं चिन्ह, मागचा बोर्ड, डोंगराची रांग सगळं वाचता येतं. जुलै २०२० मध्ये सैन्यानं जवानांना ८९ ॲप मोबाईलमधनं काढायला सांगितली होती, त्यात फेसबुक, इन्स्टाग्राम, ट्रूकॉलर सुद्धा होतं, नियम मागंपुढं होत राहतात, त्याला युनिटमध्ये जो सांगितलाय तो घरच्यांनीही पाळायचा. व्हॉट्सॲपवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, लाइव्ह लोकेशन कधीच वापरू नका, लिंक्ड डिव्हाइसमध्ये दुसरा कुणी जोडलेला नाही ना ते बघा.

आता तो अनोळखी आवाज. "मी युनिटमधनं मेजरसाहेब बोलतोय, तुमचे मिस्टर कुठल्या पोस्टवर आहेत ते कन्फर्म करायचंय" असा फोन आला तर लक्षात घ्या, मेजरसाहेबाला ते तुम्हाला विचारायची गरज पडत नाही. हेरगिरीसाठी घरच्यांना असं बोलतं करतात, गोड बोलतात, बाईमाणूसही असते. दुसरा प्रकार, "तुमचा मुलगा जखमी आहे, ॲडमिट केलाय, लगेच पैसे पाठवा". फौजेत जखमी जवानाच्या उपचाराला घरनं पैसे मागत नाहीत, कधीच नाही. दोन्ही वेळेला एकच उत्तर, "तुमचं नाव-नंबर सांगा, मी रिअरला विचारून फोन करते" आणि ठेवून द्यायचा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरला, फोन करा, जितका लवकर तितकं बरं. हेरगिरीचा संशय असला तर जवानाला आणि युनिटला कळवा, लाजायचं नाही.

घरचं दुखणं त्याला सांगायचं का

सांगायचं, पण कसं ते महत्त्वाचं. लपवलेलं कधीतरी गावातल्या दुसऱ्या कुणाकडनं कळतंच आणि मग त्याचा घरच्या शब्दावरचा विश्वास जातो, त्यानंतर तुम्ही "सगळं ठीक" म्हटलं तरी तो रात्रभर जागा. रोजची कुरबुर, जावाजावांचं, ते त्याच्या डोक्यावर टाकू नका. आईचं ऑपरेशन ठरलं तर सांगा, सोबत कुठलं हॉस्पिटल, कोण सोबत आहे, पैसे कुठनं भरले हे पण सांगा, म्हणजे त्याला तिकडं बसून काही करायचं उरत नाही.

खरंच त्याला बोलवायची वेळ आली तर पूर्वी तार करायचे, ती सेवा जुलै २०१३ ला बंद झाली. आता रिअरला फोन करा, डॉक्टरच्या सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो पाठवा, आणि त्याच दिवशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन अर्ज द्या. त्यांनी खात्री करून युनिटला कळवलं की सुट्टीच्या अर्जाला वजन येतं. तरी लढाई चालू असताना सुट्टी मिळेलच असं नाही, हे घरातल्या थोरल्यांना आधीच समजावून ठेवा, नाहीतर सगळा राग त्या पोरावर निघतो.

जमिनीचा वाद हा आपल्याकडं ठरलेला. भाऊबंद बांध कोरतात, दावा टाकतात, हा तिकडं. अशा वेळी भारतीय सैनिक (खटला) अधिनियम १९२५ आहे, लढाई किंवा तसल्या विशेष परिस्थितीत असलेल्या जवानाच्या मागं दिवाणी आणि महसुली कामकाज पुढं ढकलता येतं, युनिटकडनं तसं प्रमाणपत्र कोर्टात यावं लागतं. वकिलाला हे नाव घेऊन सांगा, सगळ्या वकिलांना लगेच आठवतं असं नाही. सैनिक कार्यालय तहसीलदाराशी पण बोलतं. त्याला फोनवर "चुलत्यानं बांध कोरला" एवढंच सांगून ठेवून दिलंत तर तो तिकडं नुसता जळतो, त्यापेक्षा "अर्ज दिलाय, तारीख अमुक, तुझ्याकडनं एवढा कागद पाहिजे" असं सांगा.

बातम्या

लढाई चालू झाली की टीव्ही चोवीस तास ओरडतो आणि व्हॉट्सॲपवर याद्या फिरतात, शहिदांची नावं, फोटो, जळालेल्या गाड्या. मे २०२५ मध्ये जुने आणि दुसऱ्याच देशातले व्हिडिओ नवे म्हणून फिरत होते. घरात म्हातारी माणसं असतील तर टीव्ही दिवसातनं एकदा, संध्याकाळी अर्धा तास लावा. आलेलं काही पुढं पाठवू नका, कारण तुमच्या फॉरवर्डनं दुसऱ्या फौजीच्या घरात रडारड होते. वाईट बातमी असलीच तर ती युनिटकडनं किंवा रेकॉर्ड ऑफिसकडनं कागदावरच्या नंबरला येते, बहुतेक वेळा तहसील, पोलीस, सैनिक कार्यालयाची माणसं घरी येतात. ग्रुपवरच्या यादीतनं येत नाही. म्हणूनच वर कागदावरचा नंबर बरोबर ठेवा म्हटलं.

आणि आपण स्वतः

लहान पोरांना खोटं सांगू नका, "पप्पा उद्या येणार" असं तर नाहीच, रोज उद्या म्हटलं की पोर विचारायचंच सोडतं. पप्पा कामावर आहेत, फोनला रेंज नाही, आपण त्यांच्यासाठी आवाज भरून ठेवू, एवढं त्यांना पुरतं. शाळेत वर्गशिक्षिकेला सांगून ठेवा.

झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल तर टेली-मानस ह्या मनाच्या त्रासासाठीच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि डिसेंबर २०२३ पासून फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या एएफएमसीत (फौजेच्या मेडिकल कॉलेजात) त्याचा वेगळा कक्ष आहे. तो परत आल्यावर गप्प गप्प राहिला, रात्री दचकून उठला, तर त्याच्यासाठी पण हाच नंबर. आल्या आल्या "तिकडं काय काय झालं" विचारायला गावाला घरात गोळा करू नका. पहिले दोन-तीन दिवस पाहुणे लांब ठेवा, त्याला रानात जाऊ द्या, झोपू द्या, बोलायचं तेव्हा तो बोलेल. आणि सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात वरचा कागद काढून परत तपासायचा, रिअरचा नंबर बदललाय का, पिन तोच आहे का, पोस्टपेडचं बिल भरलंय का.